दुय्यम आरशाची बैठक: घरच्या दुर्बिणीसाठी स्पायडर कसा आखावा आणि बसवावा

मुख्य आरसा घासायला चार महिने आणि दुय्यम आरसा, म्हणजे मुख्य आरशाकडून आलेला प्रकाश नळीबाहेर वळवणारा छोटा तिरका आरसा, टांगायला एक रविवार, असा हिशोब घरी दुर्बीण करणाऱ्या बहुतेकांचा असतो. माझ्या पहिल्या दुर्बिणीचंही तेच झालं. २०० मिलिमीटरचा आरसा जीव ओतून घासला, पॉलिश केला, पुन्हा पुन्हा तपासला. मग नळीच्या तोंडाशी ३ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या स्क्रूने मारून टाकल्या. मुंबईबाहेर, वांगणीच्या अंधाऱ्या आकाशाखाली पहिल्या रात्री गुरू लावला, तर ग्रहातून चार जाड पांढरे पट्टे निघालेले, आणि फोकसरला, म्हणजे चित्र स्पष्ट करायला मागे-पुढे सरकवतात त्या नळकांड्याला, बोट लागलं की चित्र बराच वेळ थरथरत राही. आरसा चांगला होता, पण त्याचा चांगलेपणा डोळ्यापर्यंत पोहोचतच नव्हता. दुय्यम आरशाच्या आधाराला मुख्य आरशाइतकाच वेळ द्यायला हवा, हे मी त्या रात्री मनाशी पक्कं केलं.

या आधाराला आपल्याकडे सगळे स्पायडरच म्हणतात. त्यात मधला ठोकळा, त्याला चार बाजूंनी ताणून धरणाऱ्या पट्ट्या आणि खाली ४५ अंशांत कापलेला आरशाचा धारक एवढेच भाग येतात. पुढची सगळी मापं २०० मि.मी. व्यास, एफ-६, म्हणजे व्यासाच्या सहापट, १२०० मि.मी. नाभीय अंतराच्या न्यूटनियन दुर्बिणीची आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर गणितात ते घाला, पद्धत तीच.

आधी आरशाचं माप

दुय्यम आरसा केवढा हवा हे ठरल्याशिवाय ठोकळ्याचं माप काढता येत नाही. दुय्यम आरशाच्या मध्यापासून प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर मोजा. माझ्या २५० मि.मी. पीव्हीसी पाइपची आतली त्रिज्या ११९, भिंत ६, फोकसरची उंची ६५ आणि वर थोडी मोकळीक १२, अशी बेरीज २०२ मि.मी. आली. पूर्ण उजेडाचं क्षेत्र, म्हणजे मुख्य आरशाचा सगळा प्रकाश पोहोचतो तो प्रतिमेचा मधला भाग, १२ मि.मी. धरलं तर लंबगोल दुय्यम आरशाचा लहान व्यास असा निघतो: २०० मधून १२ वजा करून १८८, त्याला २०२ ने गुणून १२०० ने भागा, म्हणजे ३१.६ येतात. त्यात ते १२ मिळवले की ४३.६. बाजारातलं जवळचं माप ४५ मि.मी., तेच घ्या. मुख्य आरशाच्या व्यासाशी हे प्रमाण २२.५ टक्के पडतं. मुंबईतून गच्चीवर बसून मुख्यतः चंद्र आणि ग्रहच पाहायचे असतात, तेव्हा ते २५ टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं. ‘असू दे थोडा मोठा’ म्हणून ६३ मि.मी.चा आरसा लावणारे मी पाहिलेत. ग्रहाच्या पट्ट्यांमधला बारीक फरक त्यांना हकनाक गमवावा लागतो.

मुख्य आरशाच्या पृष्ठापासून दुय्यम आरशाचा मध्य १२०० वजा २०२, म्हणजे ९९८ मि.मी.वर येईल. त्याच्या पुढेही नळी निदान एक व्यासभर राहू द्या. शेजारच्या इमारतीचे एलईडी दिवे थेट फोकसरमध्ये डोकावू नयेत म्हणून हे करायचं.

पट्टी पातळ का आणि रुंद का

प्रकाशाच्या वाटेत सरळ कड आली की विवर्तन होतं, म्हणजे प्रकाश कडेशी वळतो, आणि ताऱ्याला त्या कडेच्या काटकोनात दोन्हीकडे काटे फुटतात. चार पट्ट्या असतील तर समोरासमोरच्या जोडीचे काटे एकमेकांवर पडतात, म्हणून चारच दिसतात. हबलच्या छायाचित्रांत ताऱ्यांवर दिसणारा क्रूस असाच आलेला आहे. तीन पट्ट्या लावल्या तर सहा काटे येतात, पण प्रत्येक काटा फिका असतो. वाकवलेल्या पट्ट्यांनी काटे जातात, तेवढाच प्रकाश ताऱ्याभोवती सगळीकडे पसरतो, आणि वाकलेली पट्टी ताणता येत नसल्यामुळे ती जाड घ्यावी लागते. मी तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. घरच्या हत्यारांनी करायचं असेल तर चार सरळ पट्ट्याच घ्या.

जाडीचा हिशोब डोळे उघडणारा आहे. ०.८ मि.मी. जाडीच्या चार पट्ट्या मिळून साधारण २५० चौरस मि.मी. जागा अडवतात. मुख्य आरशाचं क्षेत्रफळ आहे ३१,४०० च्या वर, म्हणजे अडथळा एका टक्क्याहूनही कमी. पण काट्याची चकाकी जाडीच्या वर्गाने बदलते. जाडी निम्मी केली की वळलेला प्रकाश निम्मा होतो आणि तो दुप्पट लांबीवर पसरतो, त्यामुळे चकाकी चौथ्या हिश्श्यावर येते. माझ्या ३ मि.मी.च्या पट्ट्या ०.८ च्या तुलनेत चौदापट झळाळत होत्या.

मग इतकी पातळ पट्टी वजन धरेल का? धरते, कारण ती आपण उभी बसवतो. पट्टीची रुंदी नळीच्या अक्षाला समांतर ठेवली की प्रकाशाला फक्त जाडी आडवी येते आणि वजन पेलायला २५ मि.मी. रुंदी मिळते. २५ बाय ०.८ ची पट्टी रुंदीच्या दिशेने जाडीच्या दिशेपेक्षा जवळजवळ हजारपट ताठ असते. पातळ बाजूचा लवचिकपणा ताणाने जातो. म्हणून स्पायडरची पट्टी आधी ताणायची आणि मग तिच्यावर भार टाकायचा.

ही रुंदी अंगावरही येऊ शकते. पट्टी अक्षाच्या मानाने फक्त २ अंश पिळली गेली तरी २५ मि.मी. रुंदीची सावली पाऊण मिलिमीटरहून जास्त वाढते, म्हणजे ०.८ ची पट्टी प्रकाशाच्या नजरेत जवळजवळ १.७ ची होते. पातळ पट्टी शोधायला केलेली सगळी वणवण दोन अंशांत वाया जाते. जोडणी करताना हा आकडा समोर ठेवा.

चार पट्ट्या कुठे जोडायच्या

पुस्तकी आकृतीत चारही पट्ट्या थेट केंद्राकडे रोखलेल्या असतात. तशा लावल्या तर ठोकळा वर-खाली हलत नाही, पण अक्षाभोवती सहज फिरतो, कारण त्या फिरण्याला फक्त पट्टीचा लवचिक अंगानेच विरोध होतो. बोट लागल्यावर चित्र थरथरतं ते बहुतेक यामुळेच. उपाय म्हणजे पट्ट्या केंद्रापासून थोड्या बाजूला सरकवून ठोकळ्याच्या कडांना जोडायच्या. मग ठोकळा फिरायचा झाला तर त्याला कुठली ना कुठली पट्टी लांबवावी लागते, आणि पोलाद लांबवणं सोपं नसतं.

इथे मी एक चूक केली, आणि ती सविस्तर सांगतो कारण अनेकजण तीच करतात. चारही पट्ट्या मी एकाच दिशेने सरकवल्या, लहान मुलांच्या भिंगरीसारख्या. दिसायला फार छान दिसत होतं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात टर्नर काकांकडे ठोकळा करून घेतला होता, तिथेच नळी आडवी टाकून नट आवळायला लागलो. प्रत्येक नटाबरोबर ठोकळा थोडा थोडा फिरत गेला. काका लेथ थांबवून आले, बघितलं आणि म्हणाले, “अहो, चौघं मिळून त्याला एकाच बाजूला ओढताय, तो फिरणारच की. दोघांना इकडे ओढू द्या, दोघांना तिकडे.” सगळं उत्तर तेवढ्यात आलं. एका जोडीचा ताण ठोकळ्याला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहणारा हवा आणि दुसऱ्या जोडीचा उलट, म्हणजे ताण देताना तो जागचा हलत नाही.

प्रत्यक्षात हे असं करा. नळीच्या तोंडावर चार समान भागांच्या खुणा करा आणि त्यांना ओळीने १, २, ३, ४ क्रमांक द्या. आता १ आणि २ च्या खुणा एकमेकींकडे १५ मि.मी. सरकवा, ३ आणि ४ च्याही एकमेकींकडे १५ मि.मी. सरकवा. भोकं या नव्या खुणांवर पाडायची. १ व ३ ही समोरासमोरची जोडी झाली, २ व ४ ही दुसरी. जोडीतल्या पट्ट्या एका रेषेत नसल्या तरी समांतर असल्यामुळे काटे चारच राहतात.

ठोकळा ३० मि.मी. चौरस ॲल्युमिनियम बारचा, ५० मि.मी. लांब घ्या. त्याचा कर्ण ४२ मि.मी.च्या वर जातो, तो ४५ च्या आरशामागे जेमतेम लपतो, तेव्हा चारही कोपरे कानशीने थोडे मारा. पट्ट्या ठोकळ्याच्या बाजूंवर सपाट ठेवून एम-३, म्हणजे ३ मि.मी. व्यासाच्या, स्क्रूने जोडायच्या, फटी कापायची गरज नाही. दोन्ही जोड्या एकाच उंचीवर लावल्या तर १ आणि २ च्या पट्ट्या कोपऱ्यापाशी एकमेकींना आडव्या येतात. म्हणून पहिली जोडी ठोकळ्याच्या वरच्या २५ मि.मी.त आणि दुसरी खालच्या २५ मि.मी.त.

सामान

पट्ट्यांसाठी स्टेशनरीच्या दुकानातली ३० सेंटिमीटरची स्टीलची फूटपट्टी उत्तम. रुंदी साधारण २५ मि.मी. असते आणि धार सरळ असते. जाडी मात्र कंपनीगणिक बदलते, म्हणून व्हर्नियर खिशात घेऊन जा आणि ०.७ ते ०.९ च्या मधली निवडा. जमलं तर चुंबकही न्या. चुंबक घट्ट धरणारं स्टील आपल्या खाऱ्या दमट हवेत लवकर गंजतं. गुलालवाडी, कीका स्ट्रीटच्या धातूबाजारात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्याच्या पट्ट्या कापून मिळतात, पण कातरीने कापलेली पट्टी कडेला वाकते. घेण्याआधी ती काचेवर ठेवून बघा, खाली उजेड दिसला तर नको म्हणा. स्टेनलेसचे एम-४ ॲलन बोल्ट, एम-६ बोल्ट, वॉशर, विंगनट आणि दाबाची स्प्रिंग नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतात.

पट्टीचं नळीकडचं टोक एम-६ बोल्टला जोडायचं. बोल्टच्या टोकाला हॅक्सॉ ब्लेडने १० मि.मी. खोल फट पाडा, पट्टी आत सरकवा, आरपार अडीच मिलिमीटरचं भोक पाडून रिव्हेट मारा. याच बोल्टच्या दुसऱ्या, बाहेर येणाऱ्या टोकावर पेचकस बसेल अशी छोटी खाच करा, आणि ती फटीच्या अगदी समांतर ठेवा. नट आवळताना बोल्टही फिरू पाहतो आणि पट्टीला पीळ बसतो, वर सांगितलेले ते २ अंश बहुधा इथूनच येतात. पेचकसाने बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. खाच बाहेरून दिसते, त्यामुळे आतली पट्टी सरळ आहे की पिळली आहे हेही तिच्यावरून कळतं.

धारक आणि पेच

धारक ३८ मि.मी. गोल ॲल्युमिनियम रॉडचा, एक टोक ४५ अंशांत कापलेलं. तो आतून पोकळ करून घ्या. ४५ मि.मी.चा आरसा सुमारे ५० ग्रॅम भरतो आणि ६ सेंटिमीटरचा भरीव रॉड त्याच्या तिप्पट-चौपट. आधाराचंच वजन नळीच्या तोंडाशी साठलं की पट्ट्यांवर उगाच भार येतो. सागवानाचा धारक हलका होतो, पण पावसाळ्यात फुगतो आणि दिवाळीपर्यंत कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एकमेकांशी केलेली जुळवणी, कुठल्या कुठे गेलेलं असतं.

ठोकळ्याच्या मधून एम-६ बोल्ट जातो आणि धारकाला वर ओढून धरतो. त्याच्या डोक्याखाली दाबाची स्प्रिंग घाला. भोवती १० मि.मी. त्रिज्येवर, १२० अंशांवर तीन एम-४ ॲलन बोल्ट धारकाला खाली ढकलतात. एम-४ ची आटी ०.७ मि.मी.ची असते, त्यामुळे एका पेचाचा पूर्ण फेरा धारकाला २.७ अंश कलवतो. आठव्या हिश्श्याच्या फेऱ्यातही फोकसरमधलं चित्र सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास सरकतं. एवढा हा पेच तिखट आहे, म्हणून लांब दांड्याची ॲलन की वापरा. पेचांची टोकं मऊ ॲल्युमिनियममध्ये खड्डे करतात आणि मग प्रत्येक वेळी त्याच खड्ड्यात घसरून बसतात. धारकावर स्टेनलेसचा मोठा वॉशर ठेवून पेच त्यावर टेकवा, हा त्रास संपतो. भोकं पाडण्याआधी ठोकळ्यावर कागद चिकटवून सगळ्या जागा आखा, कारण उभी भोकं आणि पट्ट्यांच्या स्क्रूंची आडवी भोकं आत एकमेकांना भिडू शकतात.

आरसा चिकटवणं

एपॉक्सी वापरू नका. ती घट्ट होताना काचेला ओढते आणि सपाट आरसा सपाट राहत नाही, मग तारा फोकसच्या एका बाजूला उभा आणि दुसऱ्या बाजूला आडवा लांबट दिसतो. न्यूट्रल प्रकारचा सिलिकॉन सीलंट घ्या. दुकानदार सहज जो देतो त्याला बऱ्याचदा व्हिनेगरसारखा वास असतो, तो आम्लधर्मी. त्याची वाफ ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला बाधते. दीड मिलिमीटर उंचीचे तीन ठिपके धारकावर त्रिकोणात द्या, मध्ये काड्यापेटीतल्या काड्यांचे तुकडे ठेवून आरसा टेकवा आणि दोन दिवस हात लावू नका. मग काड्या काढून घ्या. सिलिकॉन वाळल्यावरही रबरासारखा राहतो, तापमानाने काच आणि धातू वेगवेगळे प्रसरले तरी ताण तोच झेलतो.

आरसा धारकाच्या बरोबर मध्यावर चिकटवायचा नाही. तो फोकसरपासून दूर आणि मुख्य आरशाकडे थोडा सरकलेला हवा. किती, तर लहान व्यासाला एफ-संख्येच्या चौपटीने भागा: ४५ भागिले २४, म्हणजे दोन्ही दिशांना १.९ मि.मी. आरशाच्या उतारावर मोजलं तर हे अंतर २.७ होतं. धारकाची जी बाजू लांब आहे तिकडे आरसा तेवढा सरकवून चिकटवला की काम झालं, ठोकळा नळीच्या मध्यावरच ठेवायचा.

आणखी एक गोष्ट कधीही टाळू नका. आरशाच्या पाठीपासून ठोकळ्यापर्यंत नायलॉनचा जाड दोरा सैलसर चिकटवा. सिलिकॉन सुटलाच तर तो आरसा एक मीटर खाली थेट तुमच्या चार महिन्यांच्या मेहनतीवर पडेल.

नळीत बसवणं आणि ताण देणं

पीव्हीसी मऊ असतं. ताण वाढला की नळीचं तोंड लंबगोल होतं आणि ताण जिरून जातो. १२ मि.मी. मरीन प्लायची कडी नळीबाहेर घट्ट बसवा आणि बोल्ट तिच्यातून काढा. भोकं बाजूला सरकवल्यामुळे बोल्ट भिंतीतून सुमारे ७ अंश तिरका निघतो, म्हणून वॉशरखाली पाचरीसारखी घासलेली लाकडी चकती ठेवा.

आधी चारही नट हाताने लावा. ठोकळ्यापासून नळीपर्यंतची चारही अंतरं स्टीलच्या पट्टीने मोजून अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी करा. मग समोरासमोरची जोडी पाव-पाव फेऱ्याने आवळा, आळीपाळीने. मध्ये मध्ये पट्टीला टिचकी मारा. सैल पट्टी खडखडते, ताणलेली एकच स्वच्छ आवाज देते. जोडीतल्या दोघींचा आवाज सारखा आला की थांबा. नंतर नळीचे दोन काटकोनी व्यास मोजा, फरक मिलिमीटरभर आला तर ताण जास्त झाला आहे.

आता मुख्य आरसा काढून नळीच्या मागच्या टोकाच्या मध्यातून एका डोळ्याने पाहा. पट्ट्या केसासारख्या रेषा दिसायला हव्यात. एखादी फितीसारखी रुंद दिसली तर तिचा बोल्ट पेचकसाने सरळ करा. मग फळ्याला लावतात तो काळा मॅट रंग पट्ट्यांना आणि ठोकळ्याला पातळ द्या. दोन हात पुरेत, जाड थराने पट्टीचीही जाडी वाढते.

आकाशाखाली

परीक्षेला व्याध घ्या, तो पुरेसा तेजस्वी आहे. काटे बारीक, सरळ आणि एकेरी दिसले पाहिजेत. काटा शेपटाकडे दुभंगलेला दिसला तर ती जोडी समांतर नाही, नळीवरची भोकं पुन्हा मोजा. चारांपैकी दोन काटे ठसठशीत दिसले तर त्यांच्या काटकोनातल्या जोडीत पीळ आहे. नंतर जास्त वर्धनाचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावून नळीवर टिचकी मारा आणि तारा किती वेळात स्थिर होतो ते पाहा. माझा नवा स्पायडर सेकंदाच्या आत शांत होतो. उरलेलं थरथरणं दुर्बिणीच्या स्टँडचं असतं.

नोव्हेंबरपासून वांगणीकडे मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि उघड्या आकाशाकडे पाठ असलेला दुय्यम आरसा धुकटतो. लॅमिंग्टन रोडवरून ४७० ओहमचे अर्ध्या वॉटचे पाच रेझिस्टर आणा आणि समांतर जोडून धारकाच्या पोकळीत बसवा. १२ व्होल्टवर दीड वॉट उष्णता मिळते, तेवढी पुरते. तार पट्टीच्या आकाशाकडच्या कडेवरून, बारीक एनॅमल्ड तांब्याची न्या आणि ती पट्टीच्या जाडीबाहेर येऊ देऊ नका. मी सुरुवातीला साधी प्लास्टिकची वायर टेपने चिकटवली होती, व्याधाला लगेच एक जास्तीचा जाडसर काटा दिसला.

मे अखेरीस मधला एम-६ बोल्ट सोडा, दोरा काळजीपूर्वक मोकळा करा आणि धारक आरशासकट काढून सिलिका जेलच्या पिशव्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पट्ट्यांचा ताण तसाच राहू द्या, फक्त रिव्हेटपाशी आणि बोल्टच्या फटीत मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडा, गंज तिथेच आधी धरतो. ऑक्टोबरमध्ये डबा उघडल्यावर आरसा बसवण्याआधी पट्ट्यांना पुन्हा टिचकी मारून ऐका.